जैत रे जैत : कादंबरी, चित्रपट आणि मधाचे रान

मोखाडा तालुक्यातील पोशेऱ्याच्या परिसरातून पाहिले म्हणजे पनवेलजवळचा कर्नाळ्याचा सुळका पुष्कळच दूर पडतो. तरीही त्या सुळक्याच्या आश्रयाने राहणाऱ्या ठाकरांची जी कथा गो. नी. दांडेकरांनी ‘जैत रे जैत’ या कादंबरीत सांगितली, ती ठाकर, वारली, कातकरी आणि महादेव कोळी यांची वस्ती असलेल्या या डोंगराळ मुलखातल्या वाचकाला परकी वाटत नाही.

या कथेच्या गाभ्याशी आहे मोहोळ उतरविण्याची विद्या. कड्याच्या पोटाशी लटकलेले आग्या मोहोळ उतरविणे हा केवळ धाडसाचा खेळ नव्हे. काळोखी रात्र पाहून निघायचे, दोराच्या आधाराने कड्यावर लोंबकळायचे, धुराने माश्या हटवायच्या आणि हात चुकला तर प्राणाशी गाठ, अशी ही परंपरागत विद्या आहे. या विद्येच्या वाट्याला सरकारदरबारी मात्र फारसा मान आला नाही. मोखाड्याच्या शेजारचे जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान, तर मोखाड्याचा पेटा इंग्रजी अमलातील ठाणे जिल्ह्यात. १८७८ च्या जंगल कायद्याने इंग्रजी मुलखात राखीव रानांची हद्द आखली, आणि १९४८ साली संस्थान विलीन झाल्यावर जव्हारचे रानही मुंबई प्रांताच्या जंगलखात्याच्या दप्तरी दाखल झाले. पिढ्यान् पिढ्या ज्या रानावर गुजराण केली, त्याच रानात जंगलखात्याच्या शिपायाची नजर चुकवून वावरण्याची पाळी रानवासीयांवर आली.

अशा उपेक्षित माणसाला दांडेकरांनी नायक केले. राणीमाशीच्या दंशाने डोळा गमावलेला, पुण्यवंत होण्याचा ध्यास घेतलेला ढोलिया नाग्या लिंगोबाच्या डोंगरावरील मोहोळाशी वैर मांडतो, आणि त्याच्या श्रद्धेची व सुडाची घालमेल वाचक त्याच्या अंतरंगात शिरून अनुभवतो.

१९७७ साली जब्बार पटेलांनी या कथेचा चित्रपट केला. हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत आणि ना. धों. महानोरांची गीते यांनी तो असा भारला की, कथा गाण्यांच्या खांद्यावर बसूनच पुढे सरकते. मोहन आगाशे यांचा नाग्या मनस्वी आहे. पण नाग्याची सखी चिंधी स्मिता पाटील यांच्या रूपाने पडद्यावर आली की दृष्टी तिच्यावरून ढळत नाही, आणि शेवटी तिचा मृत्यू नाग्याच्या विजयाला झाकोळून टाकतो. हा लाभ मी कृतज्ञतेने मान्य करतो. तथापि, कादंबरीवर जीव जडलेल्या माझ्यासारख्याला एक उणीव सलत राहते: नाग्याच्या मनातला, पानापानाने साचत जाणारा अबोल निश्चय सुरांच्या लोटात पुरेसा साचू शकत नाही. गाणे भावनेला तत्काळ वाट करून देते. निश्चयाला मात्र पिकण्यासाठी शांतता लागते, आणि ती गद्याजवळ अधिक असते.

असे असूनही या दोन कृतींत मी एकीला हीन लेखणार नाही. कादंबरीने या माणसाची जिद्द ओळखली, चित्रपटाने त्याचा सूर घरोघर पोहोचविला. मधासह गौण वनोपजावरचा त्याचा हक्क कायद्याने मान्य होण्यास मात्र २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला. सरकारी दप्तराच्या कितीतरी आधी मराठी साहित्याने आणि चित्रपटाने त्याला माणूस म्हणून सन्मानाने उभे केले, हे त्या दोहोंचेही मोठे श्रेय आहे. आणि यापुढे जो कोणी ही कथा पुन्हा सांगू पाहील, त्याने जिद्द व सूर यांच्या जोडीला हा हक्काचा इतिहासही सांगावा, अशी माझी मनःपूर्वक अपेक्षा आहे.