बल्लवाच्या वेशातला भीम : भूमिका-खेळांतील दुबळे सोबती

कल्पनारम्य भूमिका-खेळ, म्हणजेच मुलांच्या भाषेत ‘रोल प्लेइंग गेम’, हा प्रकार १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाने रूढ केला. फासे टाकायचे, एकेक पात्र आपले मानायचे आणि त्याच्या पराक्रमानुसार त्याची ‘लेव्हल’ वाढवत न्यायची, अशी त्याची रीत. पुढे हीच रीत संगणकावर आली आणि तिच्याबरोबर एक जुनी अडचणही आली. नायक पहिल्या पायरीवर असतो, तेव्हा त्याचे सोबतीही जवळपास त्याच पायरीवर असावे लागतात. सोबती फार बलवान असेल, तर प्रत्येक लढाई तोच जिंकेल आणि खेळणाऱ्याला करण्यासारखे काही उरणार नाही. ही झाली खेळाची गरज. परंतु कथेतला सोबती पुष्कळदा मुरलेला योद्धा किंवा नामांकित जादूगार असतो. इतका मोठा माणूस एका किरकोळ लुटारूच्या बाणाने कसा कोसळतो, याचे उत्तर कथेनेच द्यावे लागते.

सर्वांत सोपे उत्तर म्हणजे सोबत्याचे वय. कॅनडातील बायोवेअर या कंपनीच्या १९९८ मधील ‘बाल्डर्स गेट’ या खेळात इमोएन ही नायकाबरोबर एका ग्रंथालयवजा गडात वाढलेली मुलगी आहे. तिने जग पाहिलेले नाही, त्यामुळे तिचे नवखेपण कोणालाही खटकत नाही. मात्र त्याच खेळातील जाहेरा व खालिद हे नायकाच्या पालनकर्त्याचे जुने स्नेही आहेत. अनुभवी म्हणून त्यांची ओळख करून दिली जाते आणि प्रत्यक्षात तेही नवख्यांसारखेच अडखळतात. येथे कथेने कारण दिलेले नाही आणि चाणाक्ष खेळाडूला ते बोचते.

कारण देण्याचे उत्तम उदाहरण १९९१ च्या ‘फायनल फँटसी ४’ या जपानी खेळात आढळते. त्यातील सेसिल हा काळोख्या विद्येचा सरदार ती विद्या टाकून नवे व्रत घेतो, तेव्हा त्याची लेव्हल पुन्हा एकपासून सुरू होते. आधीची सारी कमाई गेली, हे खेळाडूला आकड्यांतच दिसते. त्याच खेळातला टेला हा वृद्ध ऋषितुल्य जादूगार. त्याची मंत्रशक्ती ९० च्या पुढे जातच नाही आणि ज्या महामंत्राचा त्याला ध्यास असतो, त्याला ९९ लागतात. सूडापायी तो मंत्र उच्चारतो आणि प्राणास मुकतो. म्हातारपण हे येथे केवळ निमित्त नाही, त्याची किंमतही मोजली गेली आहे. २०२३ च्या ‘बाल्डर्स गेट ३’ मधील गेल हा एकेकाळचा थोर जादूगार आहे. अहंकारापोटी केलेल्या एका प्रयोगात प्राचीन विनाशक शक्तीचा अंश त्याच्या छातीत रुतून बसला आणि त्याची विद्या ओसरली. ही भूक भागवण्यासाठी तो सोबत्यांकडे जादूच्या वस्तू मागत राहतो. म्हणजे दुबळेपणाचे कारण खेळाडूच्याच झोळीला हात घालते.

ही युक्ती आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. तेल्हाऱ्याहून उत्तरेला सातपुड्याची रांग दिसते. तेथून वान नदी खाली उतरते, तिच्या काठी वारीचा हनुमान आहे आणि त्या नदीवरील धरणाचे नावही हनुमान सागर असेच आहे. ज्याचे हे देवस्थान, तो रामाचा सोबती आरंभी आपले बळच विसरलेला असतो. बालपणी खोड्यांनी त्रासलेल्या ऋषींनी त्याला तसा शाप दिला होता, असे रामायणाच्या उत्तरकांडात सांगितले आहे. समुद्रकिनारी जांबवंताने आठवण करून दिली, तेव्हा ते बळ जागे झाले. आजच्या खेळ-लेखकाने यात कोणती सुधारणा करावी?

याच डोंगरांत पुढे मेळघाटात चिखलदरा लागतो. भीमाने कीचकाला मारून येथल्या दरीत टाकले, म्हणून कीचकदरा आणि त्यावरून चिखलदरा, अशी वऱ्हाडातली आख्यायिका आहे. येथेच विराटाची नगरी होती, असेही लोक मानतात. अज्ञातवासाच्या त्या वर्षात भीम बल्लव नावाचा स्वयंपाकी होता, अर्जुन बृहन्नडा होऊन राजकन्येला नृत्य शिकवीत होता आणि शस्त्रे शमीच्या झाडावर बांधलेली होती. या रचनेची भक्कम बाजू तिच्या अटीत आहे. ओळख पटली तर आणखी बारा वर्षे वनवास! बळ आहे, पण वापरण्याची चोरी. भीमाला द्रौपदीसाठी ते वापरावेच लागले आणि परिणामही लगेच झाला. कीचकासारख्या बलाढ्य सेनापतीच्या वधाची वार्ता हस्तिनापुरात पोचली, दुर्योधनाचा संशय बळावला आणि विराटाच्या गाई पळवण्यासाठी कौरवसेना चालून आली. दुबळेपणाचे कारण संपण्यानेच पुढचे पर्व उभे राहिले. खेळांतली बहुतेक कारणे पहिल्या तासानंतर विसरली जातात, ती या कसोटीवर लंगडी पडतात.

विराटपर्वात खरा नवखा सोबतीही आहे, तो राजपुत्र उत्तर. अंतःपुरात बढाया मारून निघालेला हा मुलगा कौरवसेना पाहताच रथातून उडी टाकून पळतो. अर्जुन त्याला धरून आणतो, शमीवर चढवून शस्त्रे काढायला लावतो आणि स्वतः धनुष्य घेऊन त्याच्या हाती लगाम देतो. त्याला योद्धा करण्याची घाई महाभारतकार करीत नाहीत, त्याला झेपेल असे काम देतात. संगणकावर मात्र सोबत्याची लेव्हल नायकाबरोबर आपोआप वाढत जाते. उत्तराची तशी वाढली नाही. कुरुक्षेत्रावर पहिल्याच दिवशी तो हत्तीवरून शल्यावर चालून गेला आणि शल्याच्या शक्तीने मारला गेला.