कामगार मोजणारा कायदा आणि नाण्यावर चालणारे धुलाईयंत्र

वाई, माहुली, कऱ्हाड, सांगली या कृष्णाकाठच्या गावांचे घाट पिढ्यान् पिढ्या धुण्याच्या आवाजाने जागे होत आले. तिथला धोका शेवाळाचा, डोहाचा आणि पुराचा. तो डोळ्यांना दिसे. पोर फार पुढे गेले तर शेजारची बाई हाक मारी. धुणे यंत्राकडे गेले तेव्हा धोका झाकणाआड गेला. तो केवढा, ते आधी आकड्यांत पाहू.

कपडे पिळताना यंत्राचे पिंप मिनिटाला ८०० फेरे घेते आणि त्याची त्रिज्या २५ सेंटिमीटर आहे असे धरू. कडेचा वेग सेकंदाला सुमारे २१ मीटर, म्हणजे ताशी ७५ किलोमीटर येतो. तेथील त्वरण गुरुत्वत्वरणाच्या जवळजवळ १८० पट! वीज बंद केली तरी जडत्वामुळे पिंप फिरतच राहते. 'थांबलेच आता' असे समजून घातलेला हात ओल्या कपड्याच्या पिळ्यात अडकतो तो याच वेळी.

यंत्राला आडोसा हवा, हा नियम आपल्याकडे १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने आला. मुंबईच्या गिरण्यांत साताऱ्याकडून गेलेली माणसे मोठ्या संख्येने होती. पट्ट्यात किंवा चाकात सापडण्याची भीती त्यांना रोजची. पण कायदा लागू होता १०० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणीच. ९९ कामगारांच्या कारखान्यातला पट्टा काय हळू फिरत होता? ही मर्यादा १८९१ साली ५० वर आणि १९२२ साली २० वर आली. तीही ब्रिटिश मुलखापुरती. सांगली आणि औंध ही संस्थाने. तिथे हे कायदे आपोआप लागू होत नसत. १९१० साली उभी राहिलेली किर्लोस्करवाडी औंध संस्थानातलीच.

१९४९ हे साल मात्र मोठे योगायोगाचे. १ एप्रिलला स्वतंत्र भारताचा कारखाना कायदा अमलात आला. यांत्रिक शक्ती वापरणाऱ्या ठिकाणी १० कामगार आणि न वापरणाऱ्या ठिकाणी २० अशी त्याची मर्यादा होती. उत्पादन-प्रक्रियेच्या व्याख्येत 'धुणे' आणि 'साफ करणे' हेही आले. त्यामुळे मोठी लाँड्री कारखान्यात मोडू लागली. ऑगस्टमध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, ज्याला १९६० साली सांगली हे नाव मिळाले. आणि या दोहोंच्या मध्ये, मे महिन्यात, लंडनच्या क्वीन्सवे रस्त्यावर ब्रिटनमधली पहिली नाण्यावर चालणारी लाँड्री उघडली. अमेरिकेत अशी सोय १९३४ पासूनच होती. गिऱ्हाइकाने नाणे टाकायचे, कपडे भरायचे, झाकण लावायचे.

इथे मोजायला कामगारच नाही! यंत्र तेच, वेग तोच. पण ते हाताळणाऱ्याला कोणी शिकवलेले नाही, शेजारी मुकादम नाही, आणि बरोबर बहुधा लहान मूल. माणसे मोजून बेतलेला कायदा अशा जागी पोचेना, तेव्हा आडोसा यंत्रातच बसवावा लागला. झाकण उघडे असताना पिंप जोरात फिरू नये, आणि ते जोरात फिरत असताना झाकण उघडू नये. घरगुती विद्युत उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय मानकात सार्वजनिक लाँड्रीतील यंत्रांचाही नाव घेऊन समावेश केलेला आहे. भारतीय मानकांत 'आयएस ३०२' या मालिकेत धुलाईयंत्रांचा स्वतंत्र विभाग आहे.

कायद्याची मोजणी मात्र चालूच राहिली. २०२० च्या संहितेने मर्यादा पुन्हा वर नेली: शक्तीसह २०, शक्तीविना ४०. दोन पोरे हाताशी घेऊन यंत्रावर धुणारा तालुक्याच्या गावचा परीट १८८१ मध्ये असता तरी कायद्याबाहेरच असता. आजही तो बाहेरच आहे. त्याचा सगळा भरवसा झाकणाखालच्या त्या छोट्या खटक्यावर. तो बिघडला की दुरुस्तीच्या नावाखाली तारा थेट जोडून टाकण्याची सवय आपल्याकडे आहे, ती आम्हाला पट्ट्याइतकीच भयंकर वाटते.

घरी दोन पिंपांचे अर्धस्वयंचलित यंत्र असेल तर एक निरीक्षण करता येईल. पिळण्याचे पिंप वेगात असताना मोठ्या माणसाने झाकण उचलावे. हात व पदर दूर ठेवावेत. वीज तुटते आणि ब्रेक लागतो. पिंप पूर्ण थांबेपर्यंतचे सेकंद विद्यार्थ्यांनी मोजावेत, आणि जुन्या व नव्या यंत्रांचे आकडे वर्गात फळ्यावर शेजारी शेजारी मांडावेत.