सूर्यवाऱ्यातील उलट्या घड्या

खळ्यावर ज्वारीला वारा देताना काय होते ते तुम्ही जाणताच. पाटीतले धान्य उंचावरून सोडावे, दाणा खाली पडावा, भुसा वाऱ्याबरोबर जावा. आणि मध्येच वारा फिरला की तोच भुसा डोळ्यांत यावा! बालाघाटाच्या कुशीत राहणाऱ्या आपणां बीडकरांना हे सांगायला नको. सूर्यापासूनही एक वारा अहोरात्र वाहत असतो आणि त्यातही अशी उलटापालट होते. मात्र तिथे वारा उलटा फिरत नाही. फिरते ते त्याने बरोबर आणलेले चुंबकबळ.

हे माणसाला कळले कसे, त्याची हकीकत आपल्या मुंबईपासून सुरू करता येते. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली स्थापन केली. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी होऊ लागली. प्रा. ऑर्लेबार यांच्या हाताखाली केरो लक्ष्मण छत्रे हा तरुण तिथे काम करीत होता. पुढे गणिती म्हणून महाराष्ट्रभर ज्यांचे नाव झाले तेच हे केरूनाना. त्या काळी आपोआप नोंद करणारी यंत्रे नव्हती. ठरल्या वेळी टांगलेल्या चुंबकाकडे पाहायचे, आकडा वहीत लिहायचा. दिवसा तेच, रात्री तेच.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात कॅरिंग्टन नावाच्या ज्योतिर्विदाने सूर्याच्या डागांजवळ एकाएकी लखलखाट पाहिला. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकी वादळ झाले. कुलाब्याच्या वहीत त्या दिवशी आडवे चुंबकबळ सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली गेलेले आढळते. एरवीचा दिवसभराचा चढउतार शंभराच्या आतबाहेरचा असतो, म्हणजे हे केवढे हे लक्षात घ्या! जवळजवळ दीडशे वर्षांनी, २००३ साली, त्या वादळाचा जोर ठरविताना जगाला याच वहीचा आधार घ्यावा लागला.

पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. विजेपाशी चुंबकाचे माप बिघडते, म्हणून अलिबागला लोखंड टाळून नवी वेधशाळा बांधली. १९०४ पासून दोन वर्षे कुलाबा व अलिबाग येथे मोजणी बरोबरीने चालवली, म्हणजे जुन्या आकड्यांशी नव्यांचा सांधा तुटू नये. हे करविले नानाभाई मूस या वेधशाळेच्या पहिल्या भारतीय संचालकांनी. ट्राम कधीच्या गेल्या, अलिबागची नोंद मात्र अजून चालू आहे.

पण सूर्याकडून येते तरी काय? १९५८ साली युजीन पार्कर यांनी गणित मांडले, की सूर्याचे तप्त प्रभामंडल जागेवर राहूच शकत नाही. ते सतत बाहेर वाहते आणि चुंबकरेषा ओढून नेते. दोन परीक्षकांनी तो निबंध नापसंत केला. नियतकालिकाचे संपादक होते आपले सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर. त्यांनाही कल्पना पटली नव्हती. पण गणितात चूक सापडेना, म्हणून त्यांनी निबंध छापला. आपले मत बाजूला ठेवणे विद्वानाला किती जड जाते ते आम्हां मास्तरांना विचारा! १९६२ साली मरिनर-२ यानाने हा वारा प्रत्यक्ष मोजला.

पार्करांचेच नाव दिलेले यान १२ ऑगस्ट २०१८ रोजी निघाले. उड्डाण पाहायला ९१ वर्षांचे पार्कर हजर होते. नोव्हेंबरात ते सूर्यापासून सुमारे अडीच कोटी किलोमीटरांवर पोचले आणि शास्त्रज्ञ चकित झाले. चुंबकबळाची दिशा क्षणात उलटी व्हावी, काही सेकंद, काही मिनिटे, क्वचित तासभर तशीच राहावी, की पुन्हा पूर्ववत! अशा उलट्या पूर्वीच्या यानांनाही दिसल्या होत्या. पण हजारोंनी दिसल्या त्या इथे. त्या वेळी वाराही वेग घेई.

आता शंका अशी, की ही दुसरीच, उलट्या दिशेची रेषा कशावरून नाही? उसाच्या मळ्यातला पाट आठवा. पाट वळसा घेऊन थोडा मागे आला, तरी पाणी विहिरीकडूनच येते. सूर्यावरून निघालेले वेगवान इलेक्ट्रॉन असेच रेषेच्या पाटाने वाहतात. उलटीच्या जागी तेही रेषेबरोबर मागे वळलेले आढळले. म्हणजे रेषा तीच, तिला घडी पडलेली.

घडी पडते कुठे, यावर खरा वाद आहे. एक पक्ष म्हणतो, सूर्यावरच. तिथे दोन्ही टोके सूर्यात रोवलेल्या चुंबकी कमानी असतात आणि एक टोक मोकळे सुटलेल्या रेषाही असतात. दोहोंची गाठ पडली की जुनी जोड तुटून नवी जोड होते, आणि मोकळ्या रेषेला पडलेला पीळ वाऱ्याबरोबर बाहेर निघतो. घड्यांचे झुबके दिसतात; त्यांचा आकार सूर्यपृष्ठावरील सुमारे ३०,००० किलोमीटर रुंदीच्या उकळत्या कप्प्यांशी जुळतो, हा या पक्षाचा पुरावा. मार्च २०२२ मध्ये युरोपच्या सोलर ऑर्बिटरने तर सूर्याजवळच्या अशाच नागमोडी वळणाचे चित्रच टिपले.

दुसरा पक्ष म्हणतो, घडी वाटेत पडते. निघताना रेषेवर बारीक लहरी असतात. वारा पसरत जातो तसे मूळ चुंबकबळ लहरींपेक्षा लवकर क्षीण होते. लहर तुलनेने मोठी होत होत शेवटी स्वतःवरच उलटते. एप्रिल २०२१ मध्ये यान जिथे सूर्याच्या चुंबकबळाची वाऱ्यावरील पकड सुटते त्या हद्दीच्या आत शिरले. तिथे पुरत्या उलट्या घड्या फारच थोड्या मिळाल्या. हे या पक्षाच्या पथ्यावर पडले.

माझ्या मते बी सूर्यावर पडते आणि वाढ वाटेत होते. पुष्कळ शास्त्रज्ञ आज याच बाजूला झुकताना दिसतात. पण निकाल लागलेला नाही. पार्कर २०२२ साली वारले. त्यांच्या नावाचे यान २४ डिसेंबर २०२४ रोजी सूर्यपृष्ठापासून ६१ लाख किलोमीटरांवरून गेले. इकडे आपले आदित्य-एल१ जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरांवर हाच वारा व त्याचे चुंबकबळ मोजीत आहे. सूर्याची चित्रे घेणारी त्यावरची सूट ही दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेच्या पुढाकाराने तयार झालेली आहे. एकजण उगमापाशी मोजतो, दुसरा आपल्या वेशीवर; आणि वेशीच्या आत अलिबागचे चुंबक आहेच.