भत्त आणि वेतन

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात गृहपतीने दास-कर्मकरांप्रती पाळावयाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. कुवतीनुसार काम देणे हे पहिले, ‘भत्तवेतन’ देणे हे दुसरे. ‘भत्त’ म्हणजे शिजवलेले अन्न. आपला ‘भात’ तोच. कूटदन्त सुत्तात राजसेवकांच्या मोबदल्यासही हाच शब्द योजिला आहे. या समासात आम्हांस एक मोठा अर्थविचार दिसतो. तांदूळ महागला म्हणून पानातील भात घटत नाही. नाण्यांत दिलेल्या वेतनाचे मोल मात्र घटते.

मुंबईच्या गिरण्यांत व रेल्वेत मोबदला केवळ पैशात मिळू लागल्यावर हा प्रश्न तीव्र झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी भाव चढले, तेव्हा मार्च 1940 मध्ये गिरणी कामगारांनी महागाई भत्त्यासाठी संप केला. त्याच वर्षी, घाटकोपरवरून धावणाऱ्या जी.आय.पी. रेल्वेच्या कामगारांच्या अशाच मागणीची चौकशी बेनेगल नरसिंह राव यांच्याकडे सोपविण्यात आली. पुढे हेच राव संविधान सभेचे सल्लागार झाले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. एप्रिल 1946 मध्ये त्यांनी किमान वेतनाचे विधेयक मांडले. 1948 मध्ये त्याचा कायदा झाला. मूळ वेतनासोबत राहणीखर्चाच्या निर्देशांकानुसार बदलणाऱ्या विशेष भत्त्याची तरतूद त्या कायद्यात होती. अशा प्रकारे भत्त पुन्हा वेतनाशेजारी आले.

परंतु वार्धक्याचे काय? 1982 च्या नाकरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नसून हक्क आहे, असे ठरविले. घाटकोपरच्या वस्तीत राहणाऱ्या जुन्या नियमांखालील रेल्वे निवृत्तिवेतनधारकास वर्षातून दोनदा महागाईनुसार दिलासा मिळतो. त्याच्या शेजारी खाजगी कारखान्यात आयुष्य वेचलेला कामगार राहतो. तो 1995 च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेखाली येतो. तिच्यातील किमान रक्कम सप्टेंबर 2014 मध्ये दरमहा 1,000 रुपये झाली आणि पुढील दहा वर्षे तेवढीच राहिली. दुकानातील तांदळाचा भाव दोघांनाही एकच.

सिगालोवाद सुत्तात भत्तवेतनानंतरचे कर्तव्य आजारी कर्मकराच्या शुश्रूषेचे आहे. म्हणजे काम करण्याची शक्ती गेली की मालकाचे कर्तव्य संपते, असे भगवान बुद्ध मानीत नाहीत. म्हणून निवृत्तिवेतनास राहणीखर्चाच्या निर्देशांकाची जोड मागणे ही याचना नव्हे. वेतनापासून तोडलेले भत्त परत मागणे, एवढाच तिचा अर्थ आहे.