कला अकादमी, पणजी : थोडक्यात ओळख

पणजीच्या कांपाल भागात, मांडवीच्या काठावर उभी असलेली कला अकादमी ही गोव्याची प्रमुख कलासंस्था. गोमंतकीय मराठी रंगभूमीचे ते हक्काचे घरही आहे. मंडळाच्या सभासदांसाठी ही माहिती देत आहोत.

स्थापना : गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला. पुढे भाऊसाहेब बांदोडकर यांच्या कारकिर्दीत, १९७० साली अकादमी स्थापन झाली. पोर्तुगीज काळात, १९५२ साली सुरू झालेली ‘आकादेमिया द मुझिका’ ही पाश्चात्त्य संगीताची शाळाही पुढे तिच्यात सामील झाली. त्यामुळे एकाच छताखाली तबला आणि व्हायोलिन दोन्ही शिकवले जाऊ लागले. नाट्य आणि नृत्य यांचेही शिक्षण येथे मिळते.

वास्तू : आराखडा मूळ गोमंतकीय वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांचा. १९७३ मध्ये हाती घेतलेले काम १९८३ मध्ये पूर्ण झाले. चिऱ्याची ही ठेंगणी इमारत रस्त्यावरच्या माणसाला आत बोलावते. मांडवासारख्या छताखालून चालत गेले की थेट नदी दिसते. तिकीट नसलेला माणूसही येथे निवांत बसू शकतो. सुमारे हजार आसनांच्या मुख्य नाट्यगृहाला मंगेशीचे सुपुत्र मास्टर दीनानाथ मंगेशकर यांचे नाव आहे. त्याच्या भिंतींवर मारियो मिरांडा यांनी सज्जात बसलेले प्रेक्षक रंगवले. खुर्च्या रिकाम्या असल्या तरी नाटकाला प्रेक्षक असायचेच! याखेरीज खुले नाट्यगृह, ब्लॅक बॉक्स आणि कलादालन आहे.

उपक्रम : मराठी व कोकणी नाट्यस्पर्धा, तियात्र स्पर्धा, भजन स्पर्धा आणि सूरश्री केसरबाई केरकर संगीत समारोह हे अकादमीचे ठळक उपक्रम. गोव्यात गावोगावी देवळासमोर नाटके होतात. त्या हौशी कलाकारांना स्पर्धेमुळे मोठा रंगमंच आणि परीक्षकांची नजर मिळाली. २००४ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या निमित्तानेही हे आवार गजबजू लागले.

नूतनीकरण आणि वाद : २०१९ मध्ये खुले नाट्यगृह पाडण्याचा विचार पुढे आला, तेव्हा कलाकार व वास्तुविशारदांनी विरोध केला. २०२१ मध्ये वास्तू दुरुस्तीसाठी बंद झाली. काम चालू असतानाच जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचावरचे छत कोसळले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अकादमी पुन्हा उघडली. पण ध्वनी, प्रकाश आणि गळती यांबद्दल रंगकर्मींनी तक्रारी केल्या.

खर्चाचा हिशेब कागदावर मांडता येतो. संवाद शेवटच्या रांगेत पोहोचतो की नाही, हे मात्र नाटक करणाऱ्यालाच कळते. म्हणून अशा कामात कलाकारांचा सल्ला आधी घ्यावा, नंतर नव्हे. आपणही गोव्याला गेलात तर देवळे व समुद्रकिनाऱ्यांबरोबर एक संध्याकाळ येथे राखून ठेवा. मुलांनाही बरोबर न्या.