बातमीची संहिता

वृत्तपत्रीय पक्षपात म्हणजे हेतुपुरस्सर असत्यकथन, ही समजूत अपुरी आहे. १९१७ ते १९२० या काळात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने रशियन क्रांतीविषयी छापलेल्या वृत्तांची चिकित्सा वॉल्टर लिपमन व चार्ल्स मर्झ यांनी ऑगस्ट १९२० मध्ये ‘न्यू रिपब्लिक’च्या पुरवणीत केली. निकष म्हणून त्यांनी निर्विवाद घटनाच घेतल्या. बोल्शेविक सत्ता टिकून होती. या पत्राने मात्र ती कोसळली वा कोसळणार, असे ९१ वेळा सुचविले होते. या प्रमादाचे मूळ त्यांना कटकारस्थानात नव्हे, तर वार्ताहर-संपादकांच्या आशेत आणि भयात आढळले. प्रामाणिक लेखणीही इच्छेच्या आहारी जाऊ शकते; म्हणूनच बातमीही संहितेइतक्याच साक्षेपाने वाचावी लागते.