अणुऊर्जा : फायदे, तोटे आणि साखरीनाट्याचा प्रश्न

गोंदिया जिल्ह्यात वीज म्हटली की तिरोडा आठवतो. तिथल्या कोळशाच्या केंद्रात ६६० मेगावॅटचे पाच संच आहेत. कोळसा जळतो, धूर आणि राख निघते. अणुकेंद्रात काही जळत नाही. युरेनियमचे अणू फुटतात, त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरते. पुढचं सगळं कोळशासारखंच. इंधन अगदी थोडं लागतं, वीज बनताना कार्बन वायू निघत नाही, आणि सौरऊर्जेसारखी रात्री अडचण येत नाही. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र आपल्याच राज्यात, तारापूरला १९६९ मध्ये सुरू झालं.

तोटे? उभारणीला प्रचंड पैसा आणि वर्षं लागतात. वापरलेलं इंधन हजारो वर्षं किरणोत्सारी राहतं. अपघात क्वचितच होतो, पण झाला तर गावंच्या गावं रिकामी करावी लागतात. मार्च २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमात तेच झालं.

पुढच्याच महिन्यात रत्नागिरीतलं जैतापूरविरोधी आंदोलन आणखी तापलं. हा प्रकल्प तेव्हा ९९०० मेगावॅटचा ठरला होता, फ्रेंच तंत्रज्ञानाचा. जवळच्या साखरीनाट्यात मुस्लिम मच्छिमारांची मोठी वस्ती आहे. जमीन गेली तर मोबदला तरी ठरतो. यांची रोजी समुद्रात, तिचा सातबारा नसतो. केंद्रातून सोडलेल्या गरम पाण्याने मासळी जाईल, ही त्यांची भीती. १८ एप्रिल २०११ रोजी आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तिथला एक तरुण मरण पावला.

आम्ही अणुऊर्जेच्या सरसकट विरोधात नाही; तिरोड्याची राख बघणाऱ्यांना ते जमणारही नाही. पण मासळीच्या प्रश्नाचं उत्तर मच्छिमारांना पटेल असं, आणि बांधकामाआधी मिळायला हवं.